सणाचे ताट आणि बांधावरचे वाण

भाद्रपद शुद्ध पंचमीला महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत ऋषीची भाजी शिजते. तिच्यामागचा नियम एवढाच की, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरटीच्या शेतातले धान्य वर्ज्य, म्हणून गहू, ज्वारी, बाजरी, तूर सगळेच ताटाबाहेर राहतात. उरते ते परसातले अळू, लाल माठ, मांडवावरचा पडवळ-दोडका, भोपळा, सुरण, अंबाडी आणि बांधावर, पडीक रानात, ओढ्याकाठी आपसूक उगवलेला पाला. भाताच्या जागी भगर, आणि जिथे मिळतो तिथे देवभात, म्हणजे पाणथळ जागी न पेरता उगवणारा रानभात. छत्तीसगडात हलषष्ठीच्या व्रताला खातात तो पसहर तांदूळ याच जातकुळीचा. नगर भागात पोळा बहुतेक गावांत श्रावणी अमावास्येला असतो. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी खाऊ घालायची आणि पुढे पाचव्या दिवशी त्याच्या श्रमाचे अन्न नाकारायचे, असा हा क्रम आहे. आता शेत ट्रॅक्टरने नांगरले जाते. मग त्यातले धान्य ऋषिपंचमीला चालावे का, असा पेच कुणी घातला तर जुन्या नियमाकडे त्याचे उत्तर नाही.

या रीतीचा धार्मिक अर्थ काहीही लावला तरी तिचा व्यावहारिक परिणाम ठळक आहे. वर्षातून एकदा तरी न पेरलेली वनस्पती ओळखावी लागते, ती कुठे मिळते हे ठाऊक असावे लागते, आणि ती मिळावी म्हणून बांध, परडे, ओढ्याचा काठ यांचा काही भाग नांगराखाली न जाता शिल्लक राहावा लागतो. महाराष्ट्रातल्या सणांच्या ताटात अशी अनेक बंधने दडलेली आहेत. त्यांतली काही वनस्पती जपतात, काही नुसतीच जपल्यासारखी दिसतात, आणि काही थेट नुकसान करतात. हा फरक कशामुळे पडतो ते भिंगार आणि भोवतालच्या अहिल्यानगर जिल्ह्यात चांगले दिसते.

भिंगार हे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, शहराहूनही जुने गाव. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशाहाने सीनाकाठी नवे शहर वसवले ते या गावाच्या शेजारी. पुढे इंग्रजी अमदानीत लष्करी छावणी आली आणि भिंगार कॅम्पाला चिकटले. भोवतालचा मुलूख पर्जन्यछायेतला आहे. वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माळावर मुरमाड हलकी जमीन आणि सखल भागात काळी. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, आणि बाजरीच्या पाट्यात मटकी, हुलगा, तूर, तीळ, कडेला अंबाडी अशी मिसळ ही इथली जुनी पीकरचना. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका सह्याद्रीला भिडतो. तिथे कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर आहे, घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि भात, नाचणी, वरई ही पिके आहेत. महाराष्ट्रातल्या या सर्वांत मोठ्या, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात एकच सण दोन टोकांना दोन वेगळ्या वनस्पतींनी साजरा होतो.

भिंगारच्या बाजूची रानभाजी काटक असते. घोळ, चिवळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू, केना या पावसाबरोबर येतात आणि थोड्या आठवड्यांत जून होतात. काळ्या रानात कडवंची मिळते. ही कारल्याच्या कुळातली वेल. तिची बोराएवढी, शिरांची कडू फळे भाजीला घेतात, आणि वेल वाळली तरी जमिनीतला कंद पुढच्या पावसाची वाट पाहत जिवंत राहतो. करटुलीचेही तसेच, पण तिथे आणखी एक गोम आहे. करटुलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. फळ मादीलाच लागते म्हणून ‘वांझ’ दिसणारी नर वेल कुणी उपटून टाकली की शेजारच्या मादी वेलींचीही फळधारणा खालावते. ज्यांच्या घरात करटुली पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली त्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. रानभाजी गोळा करणाऱ्या बायकांचे नियम साधे आहेत: शेंडा खुडायचा, मूळ उपटायचे नाही, फळ घ्यायचे, कंदाला हात लावायचा नाही, फुलोरा आला की ती भाजी सोडायची. शेंडा खुडल्याने झाडाच्या टोकाची मक्तेदारी संपते आणि बगलेतून नव्या फांद्या फुटतात, म्हणजे खुडलेला कुर्डू न खुडलेल्यापेक्षा अधिक डेरेदार होतो. फुलोरा आल्यावर तो चोथट लागतो म्हणून कुणी घेत नाही, आणि त्यामुळे बी पडायला उसंत मिळते. जिभेची आवड आणि झाडाची गरज इथे एकाच बाजूला आहेत.

काही समाजांनी ही उसंत चवीवर न सोडता विधीने बांधून टाकली. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजात पावसाळ्याच्या तोंडी उगवणारी कवळीची भाजी सामूहिक विधी होईपर्यंत कुणी खात नाही. विधी झाला की सगळ्यांना मोकळीक. देशावर तुळशीच्या लग्नाचा नियम याच धाटणीचा आहे. बोर, चिंच, आवळा ही फळे कार्तिकात तुळशीपुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालायची नाहीत असे पूर्वी घराघरांत बजावले जाई. कच्च्या फळांवर होणारी पोरांची धाड त्यामुळे काही आठवडे तरी थोपे. सामाईक झाडांच्या बाबतीत अशा नियमाचे महत्त्व मोठे. गावच्या माळावरची बोर कुणा एकाची नसते, आणि जो आधी तोडेल त्याची, असे झाले की पिकलेले फळ कुणालाच मिळत नाही. सगळ्यांसाठी एकच तारीख ठरली की ही घाई संपते.

चातुर्मासाचे वर्ज्य पदार्थ मात्र जरा सावधपणे पाहावे लागतात. आषाढी एकादशीपासून वांगे, कांदा, लसूण बंद होतो. खंडोबाचे कुळाचार पाळणाऱ्या घरांत हा निर्बंध मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, उठतो आणि देवाला वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि बाजरीचा रोडगा दाखवतात. पारनेर तालुक्यातल्या पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबापासून घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत नगर भागात हा नैवेद्य ओळखीचा आहे. पावसाळ्यात वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणारी अळी जोरात असते, मार्गशीर्षात थंडी पडून फळ चांगले धरते, आणि नुकतीच निघालेली बाजरी घरात आलेली असते, हे सगळे खरे. पण त्यावरून हा नियम वांगे वाचवण्यासाठीच कुणी घडवला असे म्हणणे म्हणजे पूर्वजांच्या तोंडी आपले वाक्य घालणे होय. इतकेच म्हणता येते की चंपाषष्ठीच्या भरताने वांग्याला देवाच्या ताटात मानाची जागा दिली आणि भरताचे मोठे, रस्साभाजीचे काटेरी, भरायचे लहान अशी वांग्यांची विविधता खाणाऱ्यांच्या मागणीने शेतात टिकवली. भारत हे वांग्याच्या वैविध्याचे मूळ घर असल्याचा मुद्दा 2010 साली बीटी वांग्याला केंद्र सरकारने स्थगिती दिली तेव्हा चर्चेत ठळकपणे मांडला गेला होता.

उपवासाचे ताट तर अधिकच बोलके आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची, राजगिरा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. त्यांतली बहुतेक पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतरच्या शतकांत इथे पोचली. ताटातली इथली मूळची म्हणावी अशी भगरच. तरी आज साबुदाण्याच्या खिचडीला कुणी परकी म्हणणार नाही. परंपरा अमुक वनस्पतीलाच धरून बसते असे नाही, ती नव्या पाहुण्याला ताटात घेते आणि जुन्याला नकळत बाहेर काढते. भगरीला, म्हणजे वरईला, उपवासाचा आधार नसता तर अकोल्याच्या डोंगरउतारावरून ती बहुधा नाचणीच्याही आधी मागे पडली असती.

रानभाजी जगायला मोकळी जागा आणि थोडी उसंत पुरते. पेरायच्या पिकाचे बी मात्र दरवर्षी कुणीतरी निवडून, वाळवून, सांभाळून ठेवावे लागते. या कामाशी ज्या विधीचे सर्वांत जवळचे नाते आहे तो म्हणजे घटस्थापना. आश्विन शुद्ध प्रतिपदेला पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, तिच्यात सात किंवा नऊ प्रकारची धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. कच्च्या भाजणीच्या घटातून पाणी झिरपते आणि माती नऊ दिवस ओलसर राहते. दसऱ्याला हे उगवलेले धान देवाला वाहून पुरुष टोपीत-पागोट्यात खोवतात. नगर भागात रब्बी ज्वारीची पेरणी साधारण याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. घरच्या कणगीतले बियाणे घरच्याच मातीत किती उगवते हे पेरणीच्या तोंडावर अंगणात दिसले, तर त्या शेतकऱ्याला बियाणे बदलायला अजून वेळ असतो. आजचे बीज तपासणी केंद्र याहून काटेकोर मोजणी करते, पण प्रश्न तोच विचारते. अर्थात ही चाचणी तेव्हाच खरी, जेव्हा घटात पेरलेले दाणे आणि शेतात पेरायचे दाणे एकाच मडक्यातले असतात. पूजेच्या दुकानातून ‘सप्तधान्य’ लिहिलेली पुडी आणून पेरली तर घट हिरवा होतो आणि कुणालाच काही कळत नाही.

बियाणे ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातची. खळ्यावर मळणीआधीच भरदार, निरोगी कणसे बाजूला काढायची आणि ती आढ्याला किंवा चुलीच्या वरच्या बाजूला टांगायची. कडधान्य राखेत घोळवून मडक्यात भरायचे, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून तोंड शेणामातीने लिंपायचे. मोठा साठा कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात, पण बियाण्याचे मडके स्वतंत्र, आणि घरात कितीही चणचण असली तरी ते फोडायचे नाही. यामागचे शास्त्र सोपे आहे. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य सुमारे दुपटीने वाढते, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. चुलीची धग आणि धूर ओलावा कमी राखतात. राखेचे बारीक कण किडीच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात, त्यामुळे ती कोरडी पडून मरते, आणि दाण्यांमधल्या फटी बुजल्याने तिला हिंडायला जागाही उरत नाही. कडुनिंबातली द्रव्ये किडीला दूर ठेवतात.

तरीही मडके चांगले असले म्हणून प्रत्येक वाण एका घरात टिकते असे नाही. वाल, घेवडा, मटकी, हुलगा ही मुख्यतः स्वपरागसिंचित पिके. एका बाईने परसात चार वेली जपल्या तरी वाण शुद्ध राहते. ज्वारीही बरीचशी अशीच. बाजरीचे मात्र वेगळे. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकण नंतर, त्यामुळे एका ताटाचे परागसिंचन बहुतांशी शेजारच्या ताटावरून, प्रसंगी शेजारच्या शेतावरून होते. म्हणजे देशी बाजरी राखायची तर गावाने राखावी लागते. शेजारी सगळे बदलले की एकट्याच्या निवडीला अर्थ उरत नाही. 1965 मध्ये एचबी-1 हे देशातले पहिले संकरित बाजरीचे वाण आले आणि उत्पादन वाढले. पण संकरित बाजरीचे दाणे पुढच्या वर्षी पेरले की पीक मिसळ निघते, म्हणून बियाणे दरसाल विकत घेणे आले. 1970 च्या दशकात केवडा रोगाने, ज्याला शेतकरी गोसावी म्हणतात, एकसारख्या संकरित वाणांची मोठी हानी केली, आणि त्यानंतर पैदासकारांना रोगप्रतिकाराचे गुण शोधायला पुन्हा जुन्या, विविध वाणांकडे जावे लागले. रब्बी ज्वारीची हकीकत याउलट आहे. मोहोळच्या संशोधन केंद्राने स्थानिक मालदांडीतूनच निवडलेले एम 35-1 हे वाण अनेक दशकांनंतरही कोरडवाहू रानात पेरले जाते, कारण त्याची भाकरी आणि त्याचा कडबा दोन्ही लोकांना हवे आहेत.

ताटाने वाण जपले जाते याचे सर्वांत चांगले उदाहरण पौषातली भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि खेंगट, म्हणजे मिसळीची भाजी. खेंगटात हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, पावटा, वालाचे दाणे, वांगे, गाजर, बोरे, ओले शेंगदाणे, तिळाचे कूट असे जे रानात असेल ते पडते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण या भाजीला आरोग्याचे कारण देते. शेतीच्या बाजूने पाहिले तर ती हिवाळ्यातल्या पिकांची हजेरी आहे. एखाद्या वाडीत पावटा संपला असेल तर तो भोगीच्या दिवशी जाणवतो. दुसऱ्या दिवशी सुगडात हरभरा, ऊस, बोर, गाजर, कणीस भरून बायका एकमेकींना वाण देतात. त्या देवाणघेवाणीत ‘तुझा घेवडा कुठला गं?’ हा प्रश्न निघतो, आणि माहेरच्या बियाण्याची मूठ सासरच्या परसात येते ती अशाच ओळखीतून.

हीच मूठभर बियाण्यांची देवाणघेवाण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात एका मोठ्या कामाचे मूळ झाली. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई सोमा पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. फवारणीच्या भाजीपाल्याने घरातले मूल आजारी पडते असे वाटून त्यांनी गावरान बियाणे जमवायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भात, नाचणी, वरई, पालेभाज्या असे परिसरातले वाण त्यांनी आधी घरात राखले, आणि मग इतर बायकांना एका अटीवर दिले: जेवढे बी नेले त्याच्या दुप्पट हंगामानंतर परत करायचे. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बायफ संस्थेने या कामाला तांत्रिक साथ दिली आणि त्यातून घराघरांतली मडकी बियाणे बँकेत रूपांतरित झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना बीजमाता म्हटले, बीबीसीने 2018 च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षीच्या पद्मश्रींमध्ये नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवारही होते.

हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे, कारण हिवरे बाजारने जे केले ते वनस्पती राखण्याच्या दुसऱ्या जुन्या रीतीचे नवे रूप होते. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे राज्यभर पोचले, पण अमुक हद्दीत कुऱ्हाड न्यायची नाही हा नियम देवराईत शतकानुशतके होता. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवले की, भोवतालचे रान तुटल्यावरही दुर्मीळ झाडे आणि वेली या देवाच्या रानांत उरल्या आहेत. वड, पिंपळ, उंबर तोडू नये हा संकेतही तसाच मोलाचा. ही झाडे इतर फळे नसतात त्या दिवसांतही पिकतात आणि पक्षी, वटवाघळे, माकडे त्यांवर तग धरतात. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा अवाढव्य वड या संकेताच्याच आश्रयाने वाढला. देवराईत भीती देवाची होती, हिवरे बाजारात ग्रामसभेच्या ठरावाची. दोन्हीकडे नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणूनच तो चालला.

जिथे रीत उरली आणि राखणारा गाव सुटला तिथे उलट घडते. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने वाटतात. पूर्वी गावच्या सीमेवरच्या झाडाची मूठभर पाने पुरत, आता शहरांच्या बाजारासाठी फांद्याच्या फांद्या तुटून येतात आणि आपटा मिळाला नाही की कांचनाची पाने खपवतात. वटपौर्णिमेला वडाकडे जाण्याऐवजी वडाची फांदी घरी आणून पूजणे ही तर मूळ हेतूची थट्टाच आहे. गणपतीच्या पत्रीसाठी टेकड्या ओरबाडल्या जातात आणि पूजेत पुष्कळदा भलताच पाला येतो, कारण घेणाऱ्याला आघाडा आणि माका यांतला फरक सांगता येत नाही. भिंगारसारख्या शहराला चिकटलेल्या गावात ऋषीची भाजी आणि भोगीची भाजी निवडून, चिरून, पिशवीत मिळू लागली, तर सण अडत नाही, पण परसातल्या अळूची गरज संपते. तणनाशकाने तर थेट बांधच मोकळे केले आहेत. घोळ आणि कुर्डू त्याच्या लेखी तण आहेत.

वनस्पती आणि बियाणे राखण्याच्या या ज्ञानाला कायद्याने दोन ठिकाणी जागा दिली आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते; राज्याचे जैवविविधता मंडळ 2012 पासून नागपुरात आहे. या नोंदवह्या कित्येकदा ठरावीक नमुन्यात झाडांची नावे भरून पुऱ्या केल्या जातात. कोणती भाजी कोणत्या सणाला, तिचा कोणता भाग, कोणत्या महिन्यापर्यंत खातात, बी कोण राखते आणि शेवटचे कुणाकडे पाहिले, हे रकाने त्यांत हवेत, आणि ते भरायला गावातल्या जाणत्या बायकांना समोर बसवावे लागेल. दुसरा आधार 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचा. त्यानुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि बिगर-ब्रँड विकण्याचाही हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला घेवडा किंवा बाजरी तो स्वतःच्या किंवा समाजाच्या नावाने नोंदवू शकतो, आणि शेतकऱ्यांच्या वाणाच्या या नोंदणीला शुल्क लागत नाही.